गोळ्यांचा डबा

एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना शैलाच्या आईने तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, कुलूप ओढून बघितलंत ना?" अंगात ताप होता, तरी घराची किल्ली पदराला बांधून तिने कमरेला खोचली होती. माझ्या काखेत गोळ्यांचा डबा. "अण्णा, बेंगळुरूत औषधं मिळत नाहीत होय?" असं म्हणून शेजारचा धोंडी हसला. मी म्हणालो, "या डब्याने गाव सांभाळलंय."

गावच्या मंडळींनो, खोटं नव्हतं ते. शाळा चौथीत सुटली, पण गोळ्यांचे रंग मला पाठ. तालुक्याला दूध घालून येताना मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय जंतू मारायच्या भारी गोळ्या आणायचो. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या डब्यात. फुकट कशाला घालवायच्या? शैलाच्या आईला लघवीची जळजळ वरचेवर व्हायची. दर खेपेला दोन-चार गोळ्या दिल्या की बाई पुन्हा गोठ्यात हजर. मीच बरी केली, असं चारचौघांत सांगायचो.

आमची लेक शैला इथे बेंगळुरूत, बनशंकरीत राहते. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर तिचं संशोधन. "आम्ही जंतूचा जीनोम वाचतो अण्णा, त्याच्या आत लिहिलेलं अक्षर न् अक्षर." मी म्हणायचो, "वाचत बसा. मारणार कधी?"

आल्याच्या दुसऱ्या दिवशी शैलाची आई बोलता बोलता भरकटली. लघवीतलं विष रक्तात गेलं होतं. तिला आयसीयूत घेतलं आणि तिच्या रक्तातला जंतू शैलाच्या लॅबमध्ये गेला. चार दिवसांनी शैला कागद घेऊन माझ्याजवळ बाकावर बसली. कोणती औषधं चालणार नाहीत ती नावं वाचू लागली. पहिलं नाव ऐकलं आणि मी डब्यातून ती पट्टी काढून बाकावर ठेवली. दुसरं नाव, दुसरी पट्टी. पाचव्या नावाला डबा रिकामा झाला. ती अजून वाचतच होती.

"म्हणजे मीच?"

"जंतू कुठून आला ते कागद सांगत नाही, अण्णा. पण अर्धवट गोळ्यांतून वाचलेले जंतू असेच निगरगट्ट होतात."

पोरीने माझी समजूत घातली असती तर मी भांडलो असतो. तिने घातली नाही.

आता लागू पडेल असं एकच इंजेक्शन उरलंय. त्याने मूत्रपिंडं जाऊ शकतात, आणि ते न दिलं तर माणूसच जातं. ते सुरू करून आज तिसरा दिवस, ताप हटत नाही. मी काचेला नाक लावून उभा राहतो. नर्स म्हणते, "स्वल्प कूत्कोळ्ळी, अज्जा." थोडं बसा म्हणते. बसवत नाही.

काल धोंडीचा फोन आला. "अण्णा, नातवाला ताप आहे. तुम्ही दिलेल्या लाल गोळ्या आहेत घरात. किती देऊ?" सवयीने आकडा ओठांवर आला होता. गिळला. म्हणालो, "मला ठाऊक नाही. डॉक्टरकडे ने."

"बेंगळुरूचं पाणी लागलं वाटतं!"

लागलं म्हणा. पण माझ्या हातची गोळी कुणाच्या घरात असेल तर ती लेकरांना देऊ नका. एवढं ऐका माझं.

आयसीयूत नेलं त्याच दिवशी नर्सने शैलाच्या आईच्या बांगड्या आणि किल्ली पिशवीत घालून माझ्या हातात दिली. ती किल्ली माझ्या खिशात आहे. घराची आठवण काढता, कधी येता म्हणून विचारता. कुलूप ओढून बघितलंत ना, असं विचारणारी आत पडली आहे. ती उठून विचारेपर्यंत त्या घरात माझं काही नाही.