फणसाखालची गाडी

सव्वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी ओहमचा नियम फळ्यावर लिहिला, मुलांकडून पाठ करून घेतला, ज्यांना येत नव्हता त्यांना बाकावर उभं केलं. आणि त्या सगळ्या वर्षांत घरातला फ्यूज गेला की मी कुंपणापलीकडच्या चुलतभावाला हाक मारत होतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गेल्या वर्षी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि एक जुनी व्हॅन विकत घेतली. पूर्वी ती लग्नाच्या जेवणांची भांडी वाहायची. दार उघडलं की अजून तेलाचा नि मसाल्याचा वास येतो. तिच्यात पलंग, छोटा ओटा, पंखा, दिवे आणि फ्रीज बसवायचा, टपावर सोलर पॅनेल टाकायचं आणि बायकोला घेऊन फिरायला जायचं, असं ठरवलं. खरं म्हणजे ते प्रायश्चित्त होतं. लग्न झालं त्या वर्षी मी तिला म्हटलं होतं की मे महिन्यात कुठेतरी जाऊ. मग दर मे महिन्यात कधी पेपर तपासायचे निघाले, कधी काजूची कामं, कधी नापास मुलांचे जादा तास. दहाएक वर्षांनी तिनं ‘यंदा खंय?’ असं विचारणं सोडून दिलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ही गोष्ट मी तिला आजवर सांगितलेली नाही. आता इथे वाचेल.

पुढे तिला साखरेचा आजार झाला आणि चार वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. एकदा गणपतीत ती देवगडला माहेरी राहिली असताना दीड दिवस लाईट नव्हती. भावाच्या बंद फ्रीजमधून काढून कुणीतरी चुलीजवळच्या फळीवर ठेवलेलं औषध चांगलंच तापलं, तेच तिनं घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर तिनं कुठेही मुक्काम केला नाही. माहेरी गेली तरी संध्याकाळच्या एसटीनं परत. म्हणून व्हॅनचं ऐकल्यावर तिनं एकच अट घातली.

“तीन दिवस गाडी आपल्या खळ्यात उभी करा,” ती म्हणाली. “घरातली वायर लावची नाय. फ्रीज थंड रवलो तर मी येतंय.”

मी आलेख कागदावर चार रंगांच्या पेनांनी आकृती काढली. पॅनेल, कंट्रोलर, बॅटरी, फ्रीज. आकृती इतकी सुबक झाली की मी ती माळ्यावर ठेवलेल्या जुन्या कंपासपेटीत जपून ठेवली आहे. मग घराच्या वायरिंगची उरलेली तार घेऊन सगळं जोडलं. फ्रीज दोन सेकंद गुरगुरला आणि बंद पडला. पुन्हा गुरगुरला, पुन्हा बंद. दोन दिवस मी फ्रीजला दोष दिला.

मालवणला बंदरावर मासे घ्यायला गेलो तेव्हा कुणीतरी मला एका वायरमनकडे धाडलं. साठीचा माणूस; आयुष्यभर ट्रॉलरवरचे दिवे, वायरलेस आणि बॅटऱ्या दुरुस्त करत आलेला. स्कूटरवर पिशवी अडकवून तो आमच्या गावी आला, व्हॅनमध्ये मांडी घालून बसला आणि फ्रीज गुरगुरत असताना त्यानं मीटरची टोकं आधी बॅटरीला, मग फ्रीजकडच्या टोकाला लावली. दुसरीकडे आकडा धाडकन खाली आला.

“मास्तरानू, ह्या तारेन घरातलो बल्ब लावा,” तो म्हणाला. “बारा व्होल्टात करंट जास्त, तार बारीक, वाट लांब. दाब वाटेतच संपता.”

म्हणजे ओहमचा नियम. माझे कान गरम झाले. मी त्याला सांगितलं की मी शाळेत विज्ञान शिकवायचो.

“बरा झाला,” तो म्हणाला. “माजो समजावचो त्रास वाचलो.”

मग त्यानं सगळं होडीच्या रीतीनं केलं. बोटाएवढ्या जाड तारा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, प्रत्येक सांध्याला ग्रीस आणि वरून रबरी नळी, कारण खारा वारा तांब्याला खातो. तार कुठे घासून पत्र्याला लागली तर फ्यूज जळेल, फ्यूज नसेल तर गाडी जळेल, हे त्यानं मला दोनदा म्हणायला लावलं. पॅनेल टपाला न चिकटवता दोन बोटं उंच बसवलं, खालून वारा जावा म्हणून. शेवटी तो शिडीवर चढला, पॅनेलच्या एका कोपऱ्यावर त्यानं पंजा ठेवला आणि मला आत कंट्रोलरचा आकडा वाचायला सांगितलं. आकडा निम्म्याच्या खाली गेला होता.

“वीतभर सावळयेन एवढा होता,” तो वरून म्हणाला. “गाडी उनात ठेवा. तुमी वरचे लोक, तुमका झाडाशिवाय बसाक येणा नाय. आमच्या होडयेर झाड खंय आसा?”

मी हसलो आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेसाठी मी गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आणली आणि फणसाखाली लावली. याचं मी आजही स्पष्टीकरण देऊ शकत नाही. आमच्याकडे बैल असो, पाहुणा असो की गाडी, आधी सावलीला न्यायचं. न नेलं तर शेजारी येऊन विचारतात की बाबा, काही रागावला आहेस का. स्टिअरिंग मी वळवलं असं म्हणवत नाही, हात वळले. उलट मी स्वतःवर खूश होतो, कारण माडाखाली न लावण्याची अक्कल दाखवली होती. नारळ पडून पॅनेल फुटलं असतं. आणि आत औषध ठेवायचं आहे, म्हणजे सावली हवीच, असंही मनात होतं.

बायकोनं फ्रीजमध्ये तांब्याभर ताक आणि थर्मामीटर ठेवला. खरं औषध गाडी पास झाल्यावर. पहिल्या दिवशी बॅटरी सकाळी शंभर टक्के होती, संध्याकाळी सत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नासच्या आत आली, आणि दुपारी दोन वाजता, जेव्हा ती चढायला हवी होती, तेव्हा पस्तीसवर होती. दहा पावलांवर खळ्यात ऊन रटरटत होतं. टपावर फणसाच्या पानांची जाळी हलत होती. मी दोन्ही बघितलं आणि मला वाटलं, बॅटरीच खराब निघाली.

वायरमनला फोन करायची लाज वाटली. बायको आठवडा बाजाराला गेली होती. व्हॅनच्या कपाटात अडीअडचणीसाठी घेतलेला विजेवरचा चार्जर होता, आणि कुंपणापलीकडे चुलतभावाच्या पोफळीच्या बागेत पंपाची खोली. मी दोन एक्स्टेंशन एकमेकांना जोडली आणि वायर कुंपणातून ओढली. तिनं ‘घरातली वायर’ म्हटलं होतं. पंप काही घर नव्हे. अशा पळवाटा काढणाऱ्या किती पोरांना मी वर्गाबाहेर काढलं असेल.

चुलतभावाची बायको सुपाऱ्या गोळा करायला आली. तिनं वायर बघितली, वायरीमागोमाग नजरेनं गाडीपर्यंत गेली आणि परत माझ्यापर्यंत आली.

“भावजी, गाडी सूर्यार चलता म्हणा होतास,” ती म्हणाली. “सूर्य आमच्या पंपात उगवता काय?”

मी तिला गप्प राहायची विनंती केली. माका काय, असं म्हणत ती सूप घेऊन निघून गेली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

बायको परतायच्या आत बॅटरी ऐंशीवर गेली आणि वायर गुंडाळून झाली. तिसरा दिवस त्या जोरावर निघाला. संध्याकाळी बायकोनं फ्रीज उघडला, थर्मामीटर बघितला, तरी ताकात बोट घालून बघितलंच. मग तिनं देवगडला भावाला फोन लावला. येतो आहोत, दोन दिवस राहणार, हो, मुक्काम, असं सांगताना तिचा आवाज लग्नाआधीच्या मुलीसारखा झाला होता. मी पडवीत बसून ते ऐकलं. ताटात सुरमईचं तिखलं होतं. मला ते जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे नवी गाडी, नवं काम, लांबचा प्रवास, काहीही असो, आधी वाटेवरच्या राखणदारापाशी, म्हणजे गाव राखणाऱ्या देवापाशी, नारळ ठेवून त्याला सगळी हकिगत सांगायची. ती आपण स्वतः सांगायची नसते. वाडीतला जाणता माणूस आपल्याकडून नीट विचारून घेतो आणि आपल्या वतीनं देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याची साक्ष देतात. आमच्याकडे हे काम शेजारचे एक आजोबा करतात. त्यांनी आदल्या संध्याकाळी मला गाडीबद्दल विचारलं होतं. बायको बाजूला उभी होती. मी तेच सांगितलं, जे तिला सांगितलं होतं.

दहाबारा माणसं जमली. आजोबांनी डोळे मिटले.

“बा देवा राखणदारा, आज तुज्या ह्या लेकरान नवी गाडी तुज्या पायाकडे आणल्यान हा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तिच्यातलो फ्रीज तीन दीस नुसत्या सूर्याच्या जीवार चललो म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा होता. चुलतभावाची बायको मात्र नुसती माझ्याकडे बघत होती.

“नाय म्हाराजा,” मी म्हणालो.

आजोबांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्यांना असं उत्तर कधी मिळालं नसावं. काय नाय, असं त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. पंप, चार्जर, दुपारी दोन ते संध्याकाळी सहा. चुलतभावाला हसू आवरेना. बायको मात्र हसली नाही.

“ता माजा औषध आसा,” ती म्हणाली. “तुमच्या परीक्षेचो पेपर न्हय.”

एवढं बोलून ती घराकडे चालू लागली. आजोबांनी नारळ न फोडता तसाच राखणदारापुढे ठेवला. गाऱ्हाणं अर्धं राहिलं आहे, म्हणाले, खरं काय ते घेऊन ये, मग पुरं करू.

मी पडवीच्या पायरीवर बसून वायरमनला फोन लावला आणि टक्के सांगायला सुरुवात केली. त्यानं मला मध्येच थांबवून विचारलं की गाडी कुठे उभी आहे. मी मान वळवून बघितलं.

“फणसाखाली,” मी म्हणालो.

पलीकडे तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे दारात बायको उभी होती; तिनंही ते हसणं ऐकलं. ती खाली उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली, वर पानांकडे बघितलं आणि म्हणाली की गाडी मळ्यात घ्या.

भात कापून झालेलं होतं. बांधावरचा एक काजू सोडला तर मळ्यात कोपऱ्यापर्यंत झाड नाही. ती पुढे चालत राहिली आणि तिनं हात केला तिथे मी गाडी थांबवली. परीक्षा पहिल्यापासून, आणि या वेळी ती घेणार. मला गाडीला हात लावायची मनाई. पंपाच्या खोलीला चुलतभावाच्या बायकोनं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी एकला बॅटरी भरली. मला वाटलं होतं की आत भट्टी होईल, पण पॅनेलनंच टपावर सावली धरली होती आणि खालून वारा जात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी जावा गाडीत पंखा लावून, दार उघडं टाकून, थंड सोलकढी पीत बसल्या. मी बांधावरच्या काजूखाली बसलो होतो. मला बोलावलं नव्हतं. हसण्याचे आवाज येत होते. कशावर हसत होत्या ते विचारायची गरज नव्हती. थोड्या वेळानं बायकोनं हातानंच खूण केली आणि उरलेली सोलकढी मला मिळाली. दात शिवशिवले इतकी गार होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं थर्मामीटरवरचे पाच डिग्री मोठ्यानं वाचले आणि तो पुसून डबीत ठेवला.

“चला,” ती म्हणाली. “नारळ वाट बघता.”

या वेळी हकिगत तिनं सांगितली. आजोबांनी देवाला पाच डिग्रीसुद्धा सांगितलं आणि सगळ्यांनी पाच डिग्रीलाही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. शेवटी त्यांनी आपल्या मनानं एक वाक्य जोडलं, की मास्तरांचे हात सावलीकडे वळतात, ते तेवढे सांभाळून घे. त्यावरचं ‘व्हय म्हाराजा’ पार वरच्या वाडीत ऐकू गेलं असेल.

देवगडला मेहुण्याच्या घराभोवती हापूसची बाग आहे. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा तो मोठ्या आंब्याखाली उभा राहून दोन्ही हातांनी बोलावत होता. पाहुण्यांसाठी त्यानं तिथलं झाडूनही घेतलं होतं. माझे हात वळायला लागले. बायकोनं काच खाली केली.

“दादा, तुजो आंबो तुका,” ती म्हणाली. “गाडी उनात.”

आम्ही फाटकाबाहेर उघड्या कातळावर गाडी लावली. बहिणीची गाडी उन्हात, म्हणून मेहुणा जेवणापर्यंत घुश्शात होता. जेवण चालू असताना लाईट गेली. बायकोनं घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं, मग उठली आणि कातळावरून चालत गाडीपाशी जाऊन आली. परत येऊन तिनं आणखी भात वाढून घेतला.

दोन दिवस राहू म्हणालेली ती तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी घरी परतायची आवराआवर डोक्यात मांडत होतो. तिनं कप खाली ठेवला.

“हयसून फुडे खंय?” तिनं विचारलं.

नकाशा गाडीत होता. तो आणायला मी उन्हातून कातळावर निघालो, जरा घाईनंच.