रुमालाबाहेरचा हात

शिरूरच्या बैलबाजारात एक गोष्ट फक्त कानातच सांगायची असा नेम होता, म्हणून ती सगळ्यांनाच ठाऊक होती. शांतवन पाटोळ्याच्या उजव्या हाताची बोटं मेलीत. दिसायला धड, पण चिमटा काढला तरी कळत नाही. आणि बोटं बधिर होणं कशाचं लक्षण, हे सांगायला बाजारात डॉक्टर लागत नाही. चहावाल्यानं तर त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप बाजूला ठेवला होता.

पुरावाही होता. शांतवन बैलांचा दलाल. बैलाचा भाव तोंडानं करायची रीत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबून आकडा सांगायचा. दलाल आधी घेणाऱ्याचा हात धरतो, मग विकणाऱ्याचा. मधलं काय ते त्याला आणि त्याच्या देवाला माहीत. शांतवन या कामात बापाहून सरस होता. आणि शहाण्णव साली एकाएकी त्यानं रुमालाखाली हात घालणंच सोडलं. भाव मोठ्यानं बोलू लागला. बैलाचा दात हलत असेल, खोड असेल, तर तेही मोठ्यानं.

आता मोठ्यानं बोललेला भाव कुणाला हवाय? शेजारचा ऐकतो, भाऊबंद ऐकतो, सोसायटीचा सेक्रेटरी ऐकतो. गिऱ्हाईक पांगलं. ते सोपानरावाकडं गेलं. सोपानराव दुसरा दलाल, आणि बोटांची बातमी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली हे विचारण्यात अर्थ नाही.

शांतवनाचं मात्र चित्त कुठंच ठरत नसे. बाजारात एका जागी उभा राहायचा नाही. घरात जेवता जेवता उठून दाराशी जाऊन यायचा. रविवारी ख्रिस्ती देवळात तर त्याची अगदी गंमत व्हायची. डोक्यावर एक पंखा होता, त्याच्या पात्यावर लाल रंगात लिहिलेलं, 'शांतवन पाटोळे यांजकडून'. पंखा फिरतोय तोवर हा बरा. पण लोडशेडिंगचे दिवस. उपदेश रंगात आला की वीज जायची, पंखा घुं घुं करत हळू व्हायचा, आणि थांबता थांबता अक्षरं एकेक करून वाचता यायची. तेवढ्यात शांतवन चपला घालून बाहेर. पाळकसाहेबांना वाटायचं, याला उकाडा सोसत नाही.

सहा-सात वर्षं अशीच गेली. मग त्याच्या मुलीला, सुवार्ताला, दौंडचं स्थळ आलं. मुलगा रांजणगावला कंपनीत, बाप शमुवेल भिंगारदिवे रेल्वेत गार्ड. माणसं चांगली, मागणं काही नाही. सुवार्ताचंही मन बसलेलं. शांतवनाची बायको मार्थाबाई आठवडाभर आधीपासून पडदे धूत होती. तिला एकच धास्ती, बाजारातली गोष्ट दौंडला पोचली तर हे स्थळ जायचं.

गोष्ट तिथं आधीच पोचली होती. सोपानरावाचे पाहुणे दौंडलाच.

गार्डसाहेब आले, पोहे खाल्ले, देवाधर्माचं बोलले. मग खिशातून रुमाल काढून सहज म्हणाले, "पाटोळे, तुमच्याकडं बैलाचा भाव कसा करतात ते दाखवा की. आम्ही आपली नुसती हिरवी झेंडी दाखवणारी माणसं."

मार्थाबाई हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. शांतवनाला सगळं समजलं. एकदा हात घालायचा, आकडा ओळखायचा, हसायचं. बोटं जिवंत, लग्न पक्कं, आणि बाजारात पुन्हा मान.

त्यानं हात घातला. रुमालाखाली गार्डसाहेबांनी तीन बोटं दाबली. शांतवनाला स्वच्छ कळली. त्याच्या बोटांनी तर जुन्या सवयीनं उत्तरही द्यायला घेतलं. तोच त्यानं हात असा ओढला की रुमाल खाली पडला.

"तीन," तो म्हणाला. "बोटं धड हायेत साहेब. पण ह्या रुमालाखाली मी एका बाईला बुडवलंय. तिला न्हाई सांगितलं, तुम्हांस्नी कसं सांगू, म्हणून गप व्हतो."

गार्डसाहेबांनी रुमाल उचलला, झटकला, घडी केली. चहा घेतला. कळवतो म्हणाले. 'कळवतो'चा अर्थ मार्थाबाईला माहीत होता. तिनं धुतलेले पडदे उतरवून घड्या घालून ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं शांतवन मांडवगण फराट्याला गेला. ती बुडवलेली बाई, सगुणाबाई, गोठ्यात शेण काढत होती. त्यानं सगळं सांगितलं आणि नोटा पुढं धरल्या. म्हातारीनं हात धुतले, नोटा कनवटीला लावल्या.

"सात वर्सं त्यो हात लपवत फिरलास," ती म्हणाली. "माझं घर काय लंकंत व्हतं का रं?"

"चुकलो मावशी."

"चुकलास व्हय. आता चा घे. आन् पुढच्या बाजारी म्हस आणतीय, तूच इक. मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं."

पुढच्या रविवारी त्यानं पाळकसाहेबांना विचारून घासलेटच्या बोळ्यानं पंख्यावरचं नाव पुसलं. ते एक पातं बाकीच्यांपेक्षा जास्त चकाकू लागलं, त्याला इलाज नव्हता. पंधरा दिवसांनी दौंडहून कार्ड आलं. मुलगी पसंत आहे. लग्नाचा खर्च मात्र रुमालाबाहेर, चारचौघांत ठरवू आणि झेपेल तेवढाच करू. मार्थाबाईनं ते कार्ड तीनदा वाचून घेतलं.

बाजारानं काही आपली गोष्ट सोडली नाही. सगुणाबाईनं स्वतः चारजणांना खरं सांगितलं, पण महारोगाची चव त्याला कुठली? चहावाल्याचा तुटका कप आहे तिथंच राहिला.

शांतवनाच्या बोटांना काहीही झालेलं नव्हतं. शहाण्णव साली वरवंडच्या माणसानं सगुणाबाईच्या बैलजोडीचे आठ हजार नऊशे दिले, शांतवनानं रुमालाखाली तिला आठ हजार सांगितले, आणि उरलेल्या नऊशेंचा देवळात पंखा लावला.