ओट्याची उंची

स्वतःच्या घरातून अखेरचा निरोप मिळणं हे पुण्यवंतांच्याच वाट्याला येतं, असं सुमनताईच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं. हातात माइक आला की माणसाला इतरांचं पुण्य नीट दिसू लागतं. खरं एवढंच, की माझी थोरली बहीण त्या घरातून निघाली ती रुग्णवाहिकेतून, खुबा मोडलेल्या अवस्थेत, आणि अकराव्या दिवशी दवाखान्यातच वारली. घरी आणलं ते तासाभरापुरतं. त्या तासात भाऊजींनी फाटकावरची कमान कुणाला दाखवली नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण लोक वर बघत होते, आणि ते बघताहेत हे त्यांना दिसत होतं... याला आता दीड महिना झाला.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आणि माझ्या खांद्याला लागेल एवढी. लग्नानंतर वर्ध्यात तिने भाड्याची पाच घरं केली, आणि पाचही घरांतला ओटा घरमालकिणीच्या उंचीचा. ताई पाटावर उभी राहून पोळ्या लाटायची. सामान हलवताना हातगाडीवर आधी पाट चढायचा, मग देव. भाऊजी, म्हणजे मधुकरराव, सरकारी कचेरीत. फायलीवर शेरा मारावा तसे घरात बोलत. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी जागा घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळे केळझरच्या गणपतीला गेलो. भाऊजींनी कोपऱ्याचा प्लॉट मागितला, मुलाने, अनिकेतने, गाडीपुरती जागा. परतताना ताईला विचारलं, "तू काय मागितलंस?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ओटा माह्या हाताले आला पाह्यजे. बस्स."

एवढी स्वस्त मागणी देवाच्या लक्षात राहत नसावी.

सिंदी मेघेच्या एका लेआऊटमध्ये प्लॉट मिळाला, कोपऱ्याचाच. मग घरात बैठका सुरू झाल्या. दर रविवारी जेवणं झाली की नकाशा पसरायचा, आणि भाऊजी त्यावर पेन्सिल फिरवत पानिपतच्या तयारीला लागायचे. कमानीवर चार रविवार गेले. कमानीवर दोन हत्ती घ्यायचे, पण सोंडा वर की खाली, यावर एक अख्खा रविवार. घराचं नाव 'मातृकृपा'. ज्या मातेची कृपा, तिने हयातीत ताईला बुटकी म्हणूनच हाक मारली होती. ताई चहा आणून ठेवायची. स्वयंपाकघराचा विषय निघाला की भाऊजी म्हणायचे, "ते मिस्त्री पाहून घेईन."

मिस्त्रीने खरंच पाहिलं. पवनारकडचा म्हातारा माणूस. ओटा बांधण्याआधी घरच्या बाईचं माप घेण्याची त्याची जुनी रीत होती. "काकू, चपला काढा अन् सिद्ध्या उभ्या राहा," तो म्हणाला. "कोपर वाकवा. कोपराच्या चार बोटं खाली ओटा. जिले रांधाचं, तिचं माप." त्याने भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. ताई त्या रेघेवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली आणि हसली. साठीला आलेली बाई हवेत पोळी लाटून पाहत होती... मी तिथेच होतो.

भाऊजी आत आले. रेघ पाहून म्हणाले, "काऊन बाप्पा, हा ओटा हाय का देव्हाऱ्याची पायरी?"

"काकूच्या मापाचा हाय, साहेब."

"अन् उद्या सून उंच आली तं? तिनं काय जलमभर वाकून सयपाक कराचा?" मग ताईकडे वळून, अगदी समजावणीच्या सुरात, "सुमन, तू किती दिवस करशीन आता? तुले तं पाटाची सवयच हाय."

अनिकेत फोनवर होता. त्याने बोलता बोलता मान डोलावली. ताईने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कशासाठी होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण दुपारची वेळ होती, तिच्याच हातचं जेवण डब्यातून आलं होतं आणि मला वाद नको होता. मी म्हणालो, "एका विटेचा तर प्रश्न आहे, ताई."

मिस्त्रीने एक वीट वाढवली. काळा ग्रॅनाइट बसवला. वास्तुपूजनाला पाहुण्यांनी त्यात तोंडं पाहून घेतली, भाऊजींनी गृहलक्ष्मीवर छोटं भाषण केलं, आणि गृहलक्ष्मी आत पाटावर उभी राहून पुऱ्या तळत होती.

तिथे ती चार वर्षं राहिली. मग एका सकाळी कुकर उतरवताना पाट सरकला. भाऊजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, पण शेरा मारून झाला होता: "मी तं रोज सांगून राह्यलो तिले, जपत जाय म्हणून." दवाखान्यात ताई माझ्याशी फार बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "जेवला का रे?"

परवा जाऊन आलो. स्वयंपाकघर लखलखीत होतं. ग्रॅनाइटवर ओरखडाही नाही. भाऊजींनी अनिकेतचा बायोडेटा वाचायला दिला. ओटा बांधून तयार असल्यामुळे वधूबद्दलच्या अपेक्षांत उंची घातली आहे, किमान पाच फूट चार इंच. स्थळं येतात, होकार अजून कुणाचा आलेला नाही. तोवर बोरगाव मेघेहून दोन वेळचा डबा लावला आहे. रविवारी संध्याकाळी डबेवाल्याला सुट्टी असते.