खजूर मी नाही दिला

ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मुंग्या आल्या की पुढचं सगळं मला पाठ आहे. आधी लाली, मग पाण्याच्या बारीक फोडांचा घोस, मग तो फुटतो, खपली धरते, आणि जरा कुठं हसायला जावं तर खपली तडकून रक्त. तरुणपणापासून हा माझ्या ओठावर उतरतोय. ऊन लागलं की येतो, ताप आला की येतो, घरात लग्नकार्य निघालं की आमंत्रणाआधी येतो.

आता म्हणाल, औषध घ्या. घेते ना! पुसदच्या डॉक्टरांनी रोजची गोळी दिलीय, लावायला मलम दिलंय. माझा चहा चुकेल, गोळी चुकत नाही. तरी हा हजर. एकदा मी डॉक्टरांना सरळच विचारलं, "गोळी चालू असताना हा येतोच कसा?"

"आज्जी, गोळीनं येणं कमी होतं. मुळातून जात नाही. तो नसेत लपून बसतो."

"वर्षानुवर्षं? भाडं न देता?"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नव्हतं. मी निघताना त्यांनी मात्र हसू आवरून सांगितलं, "फोड असताना तान्ह्या बाळाजवळ तोंड न्यायचं नाही. आपल्याला नुसता त्रास होतो, पण बाळाच्या जिवावर बेतू शकतं." ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

धाकट्या सुनेचे दिवस भरत आले तशी मी उन्हात फिरणं बंद केलं, दुपारची झोप घेऊ लागले, गोळी घड्याळ लावून घेऊ लागले. आमच्याकडे बाळ जन्मलं की घरातलं मोठं माणूस खजूर चावून मऊ करतं आणि त्याचा रस बोटानं बाळाच्या तोंडात टाळूला लावतं. देणाऱ्याचा स्वभाव बाळात उतरतो म्हणतात. थोरल्याच्या दोन्ही मुलांना मीच दिला होता. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ओठ साफ होता हे त्या पोरांचं नशीब. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. इतकी वर्षं मला हे कुणी सांगितलं कसं नाही?

तर सुनेला दवाखान्यात नेलं त्या सकाळी ओठाला मुंग्या आल्या. आरशासमोर उभी राहून मी त्या फोडाला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. दुपारी मुलगी झाली. मी तोंडाला मास्क लावला आणि खोलीच्या दारातच उभी राहिले.

विहीणबाई महागावहून आदल्या दिवशीच येऊन बसलेल्या. मनानं चांगली बाई, जीभ मात्र कात्रीसारखी. त्यांनी खजुराची पुडी माझ्यापुढं धरली.

"घ्या समधन. तुमचाच मान हाये."

"मी नाही देत," मी म्हटलं.

"काहून?"

"नाही देत म्हटलं ना."

त्यांनी पुडी मिटली. मग लेकीच्या खाटेकडं तोंड करून, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "थोरलीच्या दोन्ही पोट्ट्यायले यायनंच देल्ला खजूर. माह्या लेकीले पोरगी झाली तं तोंडाले फडकं बांधून दारात उभ्या हाये. समजते मले."

सुनेनं बाळ जरा जवळ ओढलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

संतापानं माझे कान तापले. मी? मुलगी झाली म्हणून? पण एवढं होऊनही मला खरं सांगायचं नव्हतं. याला कारण होतं. मागं एकदा नात्यातल्या एका शिकलेल्या बाईनं मोबाईलवर या रोगाचं नाव गुप्तरोगांच्या यादीत वाचलं आणि माझा कप वेगळा काढून ठेवला होता, वर डोळा मारून विचारलं होतं, "कुठून आणलात हो?" तेव्हापासून मी कुणाला सांगत नसे. मास्क लावायचा, खोकला आहे म्हणायचं.

आणि दारात उभ्या उभ्या मला माझ्याच लग्नातली ती मूर्ख नवरी आठवली. मुकुटबनहून पुसदला लग्न होऊन आलेली, वीस वर्षांची, स्वतःला फार शहाणी समजणारी. ऐन लग्नात ओठावर घोस. अंगावरून कोळी गेला म्हणून असं होतं, असं कुणीतरी सांगितलं, तर बाईसाहेबांनी झाडू घेऊन माहेरच्या घरातले सगळे कोळी मारले. गुण येईना, तर पानदानातला चुना लावला. ओठ असा सुजला की जणू दोघींचं पान एकटीनं खाल्लंय. मग मुँहदिखाईला बायका घुंघट उचलायच्या आणि ही तोंडावर ओढणीचं टोक घट्ट धरून बसलेली. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, कशी लाजाळू सून मिळाली!" ही लाजाळू? हिनं शाळेत मास्तरांच्या खुर्चीला गोंद लावला होता! पण ही गप्प बसली. लोकांना जे समजायचं ते समजू दिलं. लाजाळू म्हणून जन्मभर मिरवली.

तेव्हा झाकल्यावर कौतुक मिळालं होतं, आता त्याच झाकण्यानं माझी नात जन्मल्या दिवशी नकोशी ठरत होती. त्या नवरीचे कान उपटावेसे वाटले. ती हाताला लागत नव्हती, म्हणून मी दारातूनच मास्क खाली ओढला.

"ओ समधन! इकडं पाहा. नीट पाहा. हे आहे. गोळी खाऊनही येते, मलम लावूनही येते. हे बाळाला लागलं तर तुमची-माझी नात हातची जाईल. म्हणून देत नाही. तुम्हाला माझा कप वेगळा ठेवायचा तर ठेवा, पण पोरगी झाली म्हणून असं पुन्हा बोलाल तर या दवाखान्यात तमाशा होईल!"

नर्स धावत आली. विहीणबाईंनी चष्मा लावून लांबूनच माझा ओठ पाहिला.

"या बया! असं तं माह्या भावालेबी होते. मंग तोंडानं सांगाले काय झालं होतं?"

"तोंडालाच तर झालंय!"

भिंतीकडं तोंड केलेली सून खांदे हलवून हसू लागली आणि टाके दुखून कण्हली.

खजूर विहीणबाईंनी दिला, पण चावून नाही. नर्सनं सांगितलं तसा वाटीत कुस्करून, बोटाला नुसता ओलावा. मी मास्क वर ओढून दारातून हुकूम सोडत होते, "अजून घासा हात. नखांत साबण जाऊ द्या."

"आता ही माह्यावर जाईन," विहीणबाई म्हणाल्या.

"मग तिच्या सासरचं काही खरं नाही."

मान माझा होता, तो गेला. तोही चिमूटभर फोडापायी. याचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. नंतर सुनेनं मला हात धुऊन यायला सांगितलं. आले, तशी तिनं दुपट्यातून बाळाचं एक पाऊल बाहेर काढलं. मी तोंड लांब ठेवून हात लांबवला आणि ते मुठीत धरलं. लालबुंद, गरम, आणि जोरात लाथ मारणारं. मास्कच्या आत ओठ ठणकत होता. मी त्या फोडाला मुकुटबनच्या भाषेत सगळ्या शिव्या घातल्या आणि पाऊल काही सोडलं नाही.