देवापुढे ठेवलेले अर्ज

कुणी काहीही सांगितलं, की खालच्या मजल्यावरचे काका आधी खिशातलं पेन काढायचे, टोपण उघडायचे आणि विचारायचे, "कुठल्या नियमाखाली?" उद्या पाणी एकच वेळ येईल म्हटलं, तरी हेच. लिफ्ट रविवारी बंद ठेवणार म्हटलं, तरी हेच. माझ्या मुलीने एकदा जिन्यात त्यांना सांगितलं, "आजोबा, आज माझा बर्थडे आहे," तेव्हाही त्यांचा हात खिशाकडे गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. पेनाऐवजी लिमलेटची गोळी निघाली, हे तिचं नशीब.

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल. जिन्यात समोर आला की आपल्याला एकदम घाईचं काम आठवतं, आणि चार दिवस दिसला नाही की आपण त्याच्या दारावरून उगाचच सावकाश जातो.

ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सगळी नोकरी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीच्या तोंडावर मयूर विहारला आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. नोएडात तेव्हा नव्या कंपन्या धडाधड उघडत होत्या, त्यांतल्या एकीत मी पुण्याहून येऊन चिकटलो होतो. सगळंच नवीन होतं. केबलच्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबत होत्या, आणि ज्याच्याकडे काल स्कूटर होती तो आज कार कुठे लावायची यावरून भांडत होता. त्या गडबडीत हा एक माणूस मात्र कार्बन पेपर घालून तीन प्रतींत अर्ज लिहीत बसलेला असायचा.

अर्जांचा विषय एकच. सरकारी कामात धर्म नको. सरकारी इमारतीचा पाया घालताना पूजा नको, सरकारी कचेरीच्या भिंतीवर देवाची तसबीर नको, मग तो देव कुणाचाही असो. स्वतः ते देव मानत नसत, पण त्याबद्दल वाद घालायला त्यांना आवडत नसे. "देव आहे की नाही, ते ज्याचं त्याने बघावं," म्हणायचे. "सरकारला तो आहे का, एवढंच मी विचारतो."

त्यांच्या मताचे दिल्लीत आणखी दोघे होते. एक निवृत्त पंजाबी मास्तर आणि एक बंगाली वकील. तिघे मिळून वर्षातून एकदा जंतर मंतरला धरणं धरायचे. एका वर्षी फलक धरायला माणूस कमी पडला म्हणून मला नेलं. फलकावर लिहिलं होतं, 'सरकार का कोई धर्म नहीं.' ड्यूटीवरच्या हवालदाराने वही काढून विचारलं, "कितने आदमी आएँगे?"

काका शांतपणे म्हणाले, "आ चुके."

हवालदाराने आम्हा चौघांकडे पाहिलं, वही मिटली आणि आम्हाला सावलीतली जागा दिली.

माझी पंचाईत अशी, की मी सकाळी आंघोळ करून, गणपतीला नमस्कार करून तिथे गेलो होतो. फलक धरून उभा असताना ते मनाला फार टोचायला लागलं. शेवटी परतीच्या बसमध्ये मी कबूल करून टाकलं.

"मग?" ते म्हणाले. "तुझ्या गणपतीने सरकारी नोकरी मागितली आहे का?"

मी नाही म्हटलं. मग ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मी आपला कोणत्या बाजूचा, याचा विचार करत घरी आलो. तो विचार अजून संपलेला नाही.

गोंधळ वाढवायला काकू होत्याच. त्यांचं देवघर स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी होतं. चतुर्थी, एकादशी, शुक्रवार, काही म्हणता काही चुकत नसे. आणि रोज सकाळी दुधाच्या बूथवरून येताना त्या देवांसाठी फुलं कोण आणायचं? तर हेच! लाल जास्वंद मिळाली नाही तर पार पुढच्या पॉकेटपर्यंत, म्हणजे पुढच्या वसाहतीपर्यंत, चालत जायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही तर मानत नाही."

"मी कुठे मानतो? ती मानते. घरात ती राहते ना?"

त्याहून गंमत अर्जांची. पाकीट बंद झालं की काकू ते हळूच उचलायच्या आणि देवापुढे ठेवायच्या. वर हळदकुंकू, एखादं फूल. दुसऱ्या दिवशी मग पोस्टात. देवाला सरकारातून बाहेर काढा अशा मागणीला यश यावं म्हणून देवालाच गाऱ्हाणं! काकांना हे ठाऊक होतं. मी हसलो तर म्हणाले, "जाऊ दे रे. टपालाला एक दिवस उशीर होतो, तेवढाच."

सरकारकडून कधी 'पोच' यायची, कधी तीही नाही. यश एकदाच आलं, आणि त्या यशाने त्यांचं जे केलं ते कुठल्या अपयशाने केलं नव्हतं.

आमच्या सोसायटीत एकच सामायिक हॉल होता. त्यात टेबल टेनिस चालायचं, बारशी, मुंजी, वाढदिवस व्हायचे. मग कोपऱ्यात कुणीतरी देवीचं कॅलेंडर लावलं. कॅलेंडरखाली टाइल आली, टाइलवर मूर्ती, मूर्तीभोवती संगमरवर, आणि एक दिवस टेबल टेनिसचं टेबल घडी करून त्या संगमरवरामागे उभं केलेलं दिसलं. मंगळवारी कीर्तन, शनिवारी 'माता की चौकी', म्हणजे देवीची भजनं. काकांनी पेन काढलं. हॉलची जमीन सरकारने सर्व रहिवाशांच्या सामायिक वापरासाठी दिली आहे, एका धर्मासाठी नाही, असा अर्ज सहकार खात्याकडे गेला. मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. सगळी देवापुढे ठेवून गेलेली.

आणि तीन वर्षांनी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आदेश आला. हॉलमध्ये कोणताही धार्मिक कार्यक्रम होऊ नये.

काकू पेढे घेऊन वर आल्या. "आधी देवाला दाखवले हं," म्हणाल्या. काका मागे जिन्यात उभे होते. मी त्यांना इतकं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा सोसायटीचा जॉइंट सेक्रेटरी होतो. कसा झालो ते मलाही माहीत नाही. ज्या सभेला मी गेलो नव्हतो तिथे माझी निवड झाली होती. काम एवढंच, की सेक्रेटरी साहेब सांगतील त्या पत्रावर सही करायची. ते उत्तर प्रदेशचे, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी आदेश वाचला, काचेच्या बोर्डात लावला आणि कीर्तन मागच्या लॉनवर हलवलं. संगमरवर तसाच राहिला. मी विचारलं तर म्हणाले, "वो प्रोग्राम थोड़े ही है भाईसाहब. वो तो रखा हुआ है."

दोन महिन्यांनी तळमजल्यावरच्या लिसीचे वडील गेले. लिसी केरळची ख्रिश्चन, एका इस्पितळात नर्स. सोसायटीत कुणाचंही ब्लड प्रेशर वाढलं की तिलाच बोलावलं जायचं. प्रार्थनेला माणसं बरीच येणार आणि घर लहान, म्हणून तिने हॉल मागितला. दुपारचे दोन तास.

सेक्रेटरी साहेबांनी नकाराचं पत्र टाइप करून ऑफिसला निघालेल्या मला फाटकातच गाठलं. "क्या करें, आदेश है. हमारे तो हाथ बँधे हैं." बस समोर उभी होती. मी पत्र वाचलं आणि फाटकाशी लावलेल्या कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केली. वाचलं नाही, असं मला म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

संध्याकाळी काका दारात. हातात लिसीला गेलेलं ते पत्र. मला ते नेहमी 'तू' म्हणत, त्या दिवशी म्हणाले, "ही सही तुमची?"

"हो. पण काका, आदेश तुम्हीच तर आणलात..."

ते खुर्चीवर बसले. पेन काढलं, टोपण उघडलं आणि काहीच विचारलं नाही. पत्र दोनदा वाचलं. नंतर पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "नियमाप्रमाणे बरोबर आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "बरोबर आहे रे." आवाज असा, की मला वाटलं त्यांनी माझ्या श्रीमुखात द्यावी आणि मोकळं व्हावं.

आता ते सेक्रेटरीशी भांडतील, लिसीसाठी सवलत मागतील, अशी माझी अटकळ होती. त्यांनी तसं काही केलं नाही. हॉल कुणाच्याच प्रार्थनेसाठी नाही, म्हणजे लिसीच्याही नाही, हे त्यांचं पक्कं होतं. आणि तिच्यावर अन्याय झाला, हेही पक्कं होतं. या दोन गोष्टी एका डोक्यात कशा राहतात, मला समजेना. त्यांनाही समजत नसावं, कारण ते पेनाचं टोपण न लावताच खाली गेले आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर शाईचा मोठा डाग पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारातून सोफा बाहेर येत होता. सोफा, टीव्ही, जेवणाचं टेबल, सगळं जिन्यात. लिसीच्या वडिलांची प्रार्थना काकांच्या दिवाणखान्यात झाली. काकूंनी दबक्या आवाजात मला विचारलं, "अरे, त्यांच्यात समई चालते का?" लिसीच म्हणाली, "हमारे घर में भी जलाते हैं, आंटी." काकूंनी लगेच आपली समई घासूनपुसून दिली. आत मल्याळम गाणी चालली होती आणि काका बाहेर जिन्यात आपल्याच सोफ्यावर बसून लोकांच्या चपला नीट लावत होते.

"आत या ना," मी म्हटलं.

"माझी प्रार्थना नाही ती. खुर्च्या माझ्या आहेत."

मी त्यांच्या शेजारी बसलो. मला त्यांची माफी मागायची होती, पण खरं तर ती लिसीची मागायला हवी होती, आणि ती आत होती. ती मी पुढे मागितली. ती म्हणाली, "कोई बात नहीं भैया." त्याने मला मुळीच बरं वाटलं नाही.

त्यानंतर काकांचे अर्ज एकाच गोष्टीसाठी होते. आदेश सगळ्यांना सारखा लावा; संगमरवर काढा, टेबल टेनिसचं टेबल परत मांडा. "अर्धवट पाळलेला आदेश माझ्या नावावर आहे," म्हणायचे. वर्षं गेली. धरण्यातले मास्तर गेले, वकील मुलाकडे परदेशी गेले. एका वर्षी काका फलक घेऊन एकटेच गेले आणि हवालदाराने वहीत आकडा कोणता लिहिला ते मी विचारलं नाही. रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. उत्तर काही आलं नाही.

ते गेले ते हिवाळ्यात, दुपारी, पेपर वाचता वाचता.

लिसी सगळ्यात आधी आली. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेब आले, केस पांढरे झालेले, डोळे खरोखर ओले. हात जोडून काकूंना म्हणाले, "माताजी, शांति-पाठ हॉल में रखिए. साहब के लिए कौन मना करेगा? मैं खुद दरी बिछवाता हूँ."

मला वाटलं, काकू हो म्हणतील. त्यांना सगळं करायचं होतं, मला माहीत होतं. आयुष्यभर ज्या बाईने एक एकादशी सोडली नाही, ती नवऱ्याचं काही न करता कशी राहील? काकूंनी पदराने डोळे पुसले आणि बेताच्या हिंदीत विचारलं, "किस नियम में?"

सेक्रेटरी साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं.

माणसं घरीच जमली. खुर्च्या लिसीकडून आल्या. ना मंत्र झाले, ना भाषणं. फोटोला हार नव्हता. आत फ्रिजशेजारच्या देवघरात मात्र समई तेवत होती, तेरा दिवस. त्यांच्या मनासारखं झालं की काकूंच्या, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

तेराव्या दिवशी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. देवापुढे एक पाकीट होतं, वर हळदकुंकू आणि लाल जास्वंद. ही फुलं आणायला आता त्या स्वतः जात होत्या.

"ह्यांचा शेवटचा," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवला होता, सही राहिली. बिनसहीचा अर्ज घेत नाहीत म्हणायचे. तू कर."

"मी, काकू?"

"त्या पत्रावर केली होतीस ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी काकांचं पेन पुढे केलं. मी अर्ज उघडला. तीच ओळ, आदेश सर्वांना सारखा लावावा. संपूर्ण वाचला. मग फ्रिजवर कागद टेकवून, समोरच्या देवांच्या देखत, सही केली.

मी पाकीट बंद करून खिशात घालू लागलो तर काकूंनी ते काढून घेतलं आणि परत देवापुढे ठेवलं.

"आज नको," म्हणाल्या. "उद्या टाक. एक दिवस उशीर झाला तर ह्यांना चालतो."