पद्माकर सरांची तपासणी

पद्माकर सर पुण्याहून ड्रेस्डेनला लेकाकडे आले आणि पंधरवड्याच्या आतच न्यायाधीश होऊन बसले. झालं असं, की त्यांची नात ईप्सिता अकरावीत. पण दर मंगळवारी शाळेचे दोन तास बुडवून ती ट्रामने विद्यापीठात जायची आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर गणित शिकायची. शाळेच्या परवानगीने, अगदी राजरोस! सरांना हे ऐकूनच गुदगुल्या झाल्या. शिरीषला, म्हणजे तिच्या वडिलांना, मात्र घाम फुटला होता.

"अबिटूरचे मार्क गेले तर?" तो म्हणाला. अबिटूर म्हणजे इथली बारावी. "बाबा, तुम्ही जन्मभर कॉलेजात गणित शिकवलंत. एकदा जाऊन बघून या. हिला झेपत नसेल तर आत्ताच बंद करू. तुम्ही म्हणाल ते फायनल."

"चालेल, फायनल," ईप्सिता म्हणाली खरी, पण तिचा चेहरा एवढासा झाला. हा मंगळवार म्हणजे तिचा जीव की प्राण होता.

मंगळवारी सर कडक इस्त्रीचा शर्ट चढवून तिच्या आधी दारात उभे. उदाहरणं सोडवायचा तास होता. शिकवणाऱ्या तरुण बाईंनी पाहुण्याला आनंदाने होकार दिला होता. सर मागच्या बाकावर बसले. तिथे बसायची त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि त्यांना भलतीच मजा वाटत होती!

बाईंनी काहीतरी विचारलं. ईप्सिताचा हात वर! ती थेट फळ्यापाशी गेली. सरांना जर्मन भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण फळ्यावरचं सगळं कळत होतं. चौथ्या ओळीत पोरीने चिन्ह चुकवलं. सरांनी बाकाची कड घट्ट धरली. दोन ओळी पुढे जाऊन ती थबकली, मागे आली, पुसलं. "आ, गेनाऊ!" म्हणजे "हां, बरोबर!" असं स्वतःशीच पुटपुटत सुसाट सुटली. सुटलं की उदाहरण! सर आनंदाने उडायचेच बाकी होते.

तेवढ्यात सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकं बडवायला लागला. सरांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या कॉलेजात बाकं वाजायची ती मास्तरांना पळवून लावायला.

"गप्प बसा!" ते उभं राहून मराठीत गरजले. "लाज नाही वाटत? एवढीशी पोर ती!"

बाकं वाजायची थांबली. ईप्सिता लालबुंद झाली.

"आजोबा, अहो, बसा ना! इथे टाळ्या नाही वाजवत, टेबल वाजवतात. त्यांना आवडलं म्हणून!"

मग तिने वर्गाला जर्मनमध्ये सगळा प्रकार सांगितला. बाई खदखदून हसल्या. पोरं मागे वळली आणि दुप्पट जोराने बाकं वाजवायला लागली, या वेळी सरांसाठी. ईप्सिताही फळ्यापाशी हसत उभी होती. सरांना काय करावं कळेना. त्यांनी आपले हात जोडले.

बाहेर आल्याआल्या त्यांनी शिरीषला फोन लावला. ईप्सिता श्वास रोखून शेजारी उभी.

"बंद करायचं नाही," सर म्हणाले.

"पण बाबा, मार्कांचं काय?"

"मार्कांचं मी बघतो. अरे, मी तीस वर्षं बाकं बडवण्याच्या आवाजाला घाबरत वर्गात शिरलो. तुझी लेक त्या आवाजात हसत उभी होती रे!"