बंडूची नारिंगी सॅक

डोंगर हिंडणाऱ्यांकडे किस्से कसे साठतात हे सांगून पटायचं नाही. सगळं ठरल्यासारखं पार पडलं की त्या सहलीचं काहीही लक्षात राहत नाही. आम्ही चढलेले गड आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठलं टाकं कुठल्या गडावर, यावरून आमची भांडणं होतात. पण बंडू जोगळेची सॅक म्हटली की तिची चेन कुठे अडायची हेसुद्धा चौघांना लख्ख आठवतं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही रत्नागिरीचे चौघे. शिर्के सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी आमचे लीडर असायचे. अंता मयेकर बर्फाच्या कारखान्यात होता. मी छापखान्यात प्रुफं तपासायचो, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका काढायची मला सवयच. आणि बंडू लाकडाच्या वखारीत कारकून. अंगाने इतका किरकोळ की वखारीतल्या फळ्या त्याच्यापेक्षा जाड!

या बंडूला हिमालयात जायचं होतं. एका संस्थेचं मे महिन्यात शिबिर होतं, बर्फातून बरेच दिवस चालायचं. पैसे साठवून झाले होते, रजा मिळत होती. अडलं होतं ते आईपाशी. वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरातलं सुप्रीम कोर्ट आईच. तिचा एकच प्रश्न : "तिकडे आपलं कोण आहे?"

हेदवीला शेजारच्या गोदाकाकूंची नणंद होती, केळशीला आईची मावसबहीण होती, हर्णैला अंताची मावशी होती. तिथे बंडूने खुशाल जावं. हिमालयात कोण होतं?

"आई, अहो तिथे डोंगराडोंगरावर देव आहेत," सर म्हणाले.

"देवांचं असू दे. चुलीपाशी कोण आहे?"



* * *

अशात बंडूचा मेव्हणा बोटीवरून सुट्टीला आला आणि कुठल्याशा बंदरातून ही सॅक घेऊन आला. नारिंगी रंग, मागे ॲल्युमिनियमची फ्रेम, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, आणि आणखी काही पट्टे, जे कशाचे ते मेव्हण्यालाही माहीत नव्हतं. तोवर आमच्याकडे खाकी पिशव्या होत्या. अंता तर गोणपाटाला दोरी लावून यायचा.

सॅक पाठीला लावून बंडू एस.टी. स्टँडवरून घरी निघाला. मागून बघणाऱ्याला बंडू दिसतच नव्हता. खाली दोन पाय आणि वर सॅक. शेजारच्या गोदाकाकू कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी बंडूच्या आईला हाक मारली,

"अगो, एक बॅग तुझ्या घरात शिरली बघ. पायात चपला बंडूच्या आहेत!"

सरांनी सॅक उलटसुलट बघितली आणि निकाल दिला, "हिची रीतसर परीक्षा घ्यायची. पास झाली तर आईला मी पटवतो."

आता सॅक पास होणं म्हणजे बंडू पास होणं, हे आम्हाला कळत होतं. बंडूलाही कळत होतं. त्या रात्री तो सॅक उशाशी घेऊन झोपला असं त्याची बहीण सांगते.

* * *

पहिली परीक्षा अंगणात. "कागद भरून काय कळणार? खरं वजन हवं!" असं म्हणून सरांनी सॅकमध्ये कुंपणाचा अर्धा चिरा घातला. आमचा जांभा दगड दिसायला भोकाभोकांचा, पण उचलायला गेलं की कळतं. तो घातला नेमका वर, कारण खाली सरांनी स्वतःचं पांघरूण ठेवलं होतं.

बंडूने पट्टे आवळले, उभा राहिला, सरांकडे बघून हसला आणि तसाच हसत हसत मागे गेला. धप्प! हातपाय वर, पाठीखाली सॅक, आणि कमरेचं बकल काही सुटेना. आम्ही तिघे त्यावर वाकून चर्चा करत होतो, की बकल परदेशी असल्यामुळे उलटं उघडत असेल का.

आवाज ऐकून आई बाहेर आली. पलीकडे अंगणात नवं भात वाळत घातलं होतं. तिने लेकाकडे बघितलं, भाताकडे बघितलं आणि म्हणाली,

"पडलायस ना? मग तसाच पड. शेजारच्या कोंबड्या आल्या तर हाकल."

* * *

मग हेदवी. जयगडपर्यंत एस.टी., खाडी होडीने ओलांडायची आणि पुढे पायी. सरांनी सॅक स्वतः भरून दिली होती. कुठल्याशा पुस्तकातून उचललेला त्यांचा सिद्धांत असा : "लांबच्या पल्ल्यात घाबरायचं ते पहिल्याच दिवशी. रोज शिधा संपतो, रोज सॅक हलकी होते."

हे ज्याने कुणी लिहून ठेवलं असेल, तो कोकणात आलेला नव्हता.

बंडू हेदवीला चाललाय ही बातमी वाडीत फिरली. वाडीत नियम असा, की कुणी कुठे निघालं की त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचं. त्यात एवढी मोठी सॅक बघितल्यावर लोकांना धीर धरवेना. कुणी कुळथाचं पीठ आणलं, कुणी पोहे, कुणी देवाला नारळ. गोदाकाकू सगळ्यात शेवटी आल्या. पदराखाली काहीतरी जड.

"नणंदेला दे. पाटा तिच्याकडे आहे, वरवंटा मेला तडकला तिचा."

सर म्हणाले, "असू दे. परीक्षाच आहे." वरवंटा त्यांना थोडाच उचलायचा होता!

बंडूने तो हेदवीला पोचवला. नणंदबाईंनी आनंदाने सॅक उतरवून घेतली, सगळं बाहेर काढलं. बंडूने सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही देवळात जाऊन आलो, तर सॅक पुन्हा टम्म! सुरण, नारळ, पोफळीच्या सुपाऱ्या, आणि वर लोणच्याची बरणी.

"अहो, हे कशाला?" बंडू रडकुंडीला आला.

बाई म्हणाल्या, "कशाला म्हणजे? भरलेली आलेली वस्तू रिकामी पाठवू काय? गोदावैनी काय म्हणेल?"

आमच्याकडे शेजारची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी जाते. ही सॅक म्हणजे वाटीच होती, फक्त वाढलेली.

* * *

परतीच्या एस.टी.त सॅक वर मावेना. तिला सीटवर बसवली. सरांनी तिच्या डोक्यावर आपली टोपी घातली, का ते विचारायचं नाही. पुढच्या थांब्यावर एक आजोबा चढले. डोळ्यांना बेताचं दिसत असावं. सॅकला म्हणाले, "जरा सरा हो." मग स्वतःच टेकून बसले आणि गप्पा सुरू केल्या. भाताचं पीक, जावयाची नोकरी, गुडघे. बोलता बोलता तिच्याच खांद्यावर मान टाकून झोपले.

उतरताना त्यांनी बंडूला बाजूला घेतलं.

"तुमच्यातले काय हे? माणूस लाख आहे. माझं सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत!"

* * *

इकडे आईने सॅकची स्वतंत्र परीक्षा घेतली होती. सरांनी विहिरीवर चार कळशा ओतून बघितल्या आणि आत थेंब गेला नाही म्हणून जाहीर केलं. आईने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सॅकमध्ये बियाण्याचं भात भरून ती माळ्यावर चढवली.

"उंदीर नाय शिरत, पाणी नाय शिरत. बरं आणलंन जावयाने."

बंडूचा चेहरा बघवत नव्हता. सॅक त्याला परत मिळावी म्हणून अंताने बर्फाच्या कारखान्यातून एक पत्र्याचा डबा आणून दिला, तेव्हा भात डब्यात गेलं. आई मात्र पुढे कित्येक दिवस म्हणायची, "सॅकच बरी होती."

* * *

शेवटची मोठी परीक्षा किनाऱ्याने. केळशीहून सुरुवात करून हर्णै, दाभोळची खाडी, मग गुहागरवरून हेदवी. मुक्काम वाटेत लोकांकडे. अट एकच : सॅक दुसऱ्या कुणाच्या पाठीवर जाता कामा नये. बंडूने मान डोलावली. हिमालय आता या एका वाटेवर अडकला होता आणि त्या पोराला बर्फ बघायचंच होतं. त्याने बर्फ बघितलं होतं ते फक्त अंताच्या कारखान्यात, तेही भुशात गुंडाळलेलं.

केळशीला आईच्या मावसबहिणीला पोहे दिले, तिने आंब्याची साठं दिली. हर्णैला अंताच्या मावशीला तांदूळ दिले, तिने सुके बांगडे दिले आणि ते बाजूच्या कप्प्यात घातले. तिथून पुढे प्रत्येक गावातलं मांजर आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला येत होतं!

हर्णैलाच संध्याकाळी लिलाव बघायला किनाऱ्यावर गेलो. होड्या लागलेल्या, वाळूवर माशांच्या राशी ओळीने मांडलेल्या, बोली चाललेली. बंडूने खांदे मोकळे करायला सॅक उतरवली. उतरवली ती नेमकी त्या ओळीत. आम्ही सुरमई बघण्यात दंग. मागे वळलो, तर लिलाववाला सॅकपाशी उभा आणि बोली दोनदा चढलेली!

सर धावले, "अहो, अहो! ती विकायची नाही!"

बोली लावलेली बाई सॅकचं तोंड उघडून आत हात घालून बघत होती. तिने सरांकडे रागाने पाहिलं.

"मग ओळीत कशाला मांडलीव? मी म्हटलं, बरफ चांगला टिकेल हिच्यात!"

बंडूने सॅक छातीशी धरली आणि पुढे तशीच दाभोळच्या होडीपर्यंत नेली.

शेवटच्या दिवशी त्याचे खांदे सोलवटले होते. शर्टाला रक्त लागलेलं मी पाहिलं. अंता म्हणाला, "दे इकडे, सरांचं लक्ष नाय." बंडू नको म्हणाला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला आणि सरांचा राग आला. मी सरांना बोललोही, "निदान ते वाटेत मिळालेले नारळ तरी फेकू द्या!" सर काही म्हणायच्या आधी बंडूच म्हणाला, "नको रे. ते लोकांनी आईसाठी दिलेत."

* * *

घरी आल्यावर आईने ओटीवर सॅक उपसली. साठं काढली. "ही केळशीची." बांगडे काढले. "ही अंताची मावशी, मीठ कमी घालते." दाभोळला ज्यांच्याकडे फक्त पाणी प्यायलो होतो, त्यांनीही शहाळं दिलं होतं. "हे कोण?" बंडू म्हणाला, "माहीत नाही. नाव विचारायचं राहिलं."

"ओळख ना पाळख, तरी दिलंन," म्हणत आईने ते शहाळं वेगळं ठेवलं. मग बंडूच्या शर्टाची बाही वर करून तिने खांदा बघितला. उठली, हळद-तेल घेऊन आली आणि लावता लावता म्हणाली,

"जा तिकडे. पण कोणाच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहू नको."

सर पटवायला म्हणून भाषण तयार करून आले होते. ते त्यांनी मला ऐकवलं.

मे महिन्यात बंडू निघाला. आईने नाचणीच्या लाडवांचा स्टीलचा डबा दिला, झाकणावर नाव कोरलेला. "ज्याच्या घरी पाणी पिशील त्याला दे. डबा आठवणीने परत आण." शिबिराच्या माणसांनी सामान कमी करायला सांगितलं, तेव्हा बंडूने एक स्वेटर काढला आणि डबा ठेवला. मूर्खपणाच, पण मी तिथे असतो तर मीही भांडलो नसतो.

जूनच्या तोंडावर तो परत आला. नाकाची साल निघालेली, तोंड काळं ठिक्कर, पण डोळ्यांत नुसता आनंद. आम्ही तिघे ओटीवर बसलो होतो. बर्फ कसं असतं, किती थंड असतं, विचारून त्याला भंडावून सोडलं होतं. आईने त्यातलं काही विचारलं नाही. तिने सॅक पुढ्यात ओढली आणि तळापासून उपसली.

"माझा डबा?"

बंडू जरा चाचरला. शेवटच्या गावात एका म्हातारीने चुलीपाशी बसवून चहा दिला होता. त्याने डबा दिला. इतक्यात वरून शिबिरवाल्यांची शिट्टी झाली, निघायची घाई. म्हातारी डबा रिकामा कधी करणार! तिने खुणेने थांबवलं आणि आतून आपलंच एक भांडं आणून त्याच्या हातात दिलं. बंडूने ते टॉवेलमधून सोडवलं. पितळेचं, थोडे पोचे आलेलं, आणि काठोकाठ अक्रोड.

आईने भांडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, बुडाची काजळी बोटाने पुसून बघितली.

"रोजच्या वापरातलं आहे गो हे," ती स्वतःशीच म्हणाली. मग आम्हाला प्रत्येकाला एकेक अक्रोड दिला आणि भांडं घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंडूकडे गेलो, तर आई कुंपणाशी उभी होती. भांडं चिंचेने घासून लखलखीत केलेलं, वर आमसुलं भरलेली, त्यावर फडकं घट्ट बांधलेलं. पलीकडे गोदाकाकू.

"काय गो गोदावैनी," आई विचारत होती, "तुझ्या माहितीत हिमालयाकडे जाणारं कोण आहे काय? एवढं भांडं पोचवायचं होतं."